प्लास्टरवरचा गोल्डफिश

ओल्या प्लास्टरला घट्ट व्हायला सात मिनिटं लागतात, आणि माणसाला सात मिनिटं गप्प बसवत नाही. प्लास्टरमामांच्या धंद्यातली सगळी गोम एवढीच. पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची, कापसावरून फेरे घ्यायचे, तळव्याने चोपडायची, हे कुणालाही शिकता येतं. त्यानंतर तो मोडका हात बरोबर त्याच कोनात धरून ठेवायचा आणि हाताच्या मालकाला हलू द्यायचं नाही, हे खरं काम. मालकाला नेमकी तेव्हाच नाकावर खाज सुटते, किंवा आपण कसे पडलो ते हातवारे करून दाखवायचं असतं.

मामांनी त्यावर उपाय काढला होता. शेवटचा फेरा संपला की ते हात धरून खालच्या आवाजात विचारायचे की शार्कच्या अंगात किती हाडं असतात, माहीत आहे का. माणूस विचारात पडला की हलत नाही. मग मामा सावकाश सांगायचे की एकही नाही, सगळा कूर्चेचा कारभार, त्यामुळे शार्क कधी आपल्या हाडांच्या विभागात यायचा नाही. कुणाला सांगायचे की जिराफाच्या एवढ्या लांबलचक मानेत मणके मात्र तुमच्याआमच्याइतकेच, सात. कुणाला ऑक्टोपसची तीन हृदयं, कुणाला पायांनी चव घेणारं फुलपाखरू. एकदा एक लहान मुलगी रडून खोली डोक्यावर घेत होती. वोम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो हे ऐकून ती अशी गप्प झाली की तिची आईच घाबरली.

दुसऱ्या दिवशी बोटं सुजली नाहीत ना, ते दाखवायला पेशंटला परत यावं लागे. तोवर प्लास्टर वरून कोरडं झालेलं असे. मामा निळ्या मार्करने कालची माहिती त्यावर सुवाच्य अक्षरात लिहून देत. अशी ती माहिती पुढचे सहा आठवडे शहरभर हिंडे. बँकेच्या रांगेत कुणाच्या कोपरावर शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असायचा, तर बसमध्ये कुणाच्या पोटरीवर ऑक्टोपस बसलेला असायचा. विभागातल्या सिस्टर म्हणायच्या की मामा म्हणजे चालतंबोलतं पुस्तक आहे. मामा मान खाली घालून पट्ट्या मोजायचे आणि ते नाकारायचे नाहीत.

आता खरं सांगायचं तर मामांनी आयुष्यात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात ते फक्त हवामान बघत, आणि तेही खिडकीतून बाहेर बघून पडताळून घेत. ही सगळी माहिती मामींची. मामी म्हणजे त्यांची बायको, वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेली. निवृत्तीनंतर वाचनालय सुटलं तरी शिस्त सुटली नव्हती. घरातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी होती आणि पुस्तक जागेवर नसलं की मामींचाही जीव जागेवर नसे.

रोज सकाळी मामांचा डबा भरताना मामी कागदाचा एक लहान तुकडा घ्यायच्या, आदल्या दिवशी वाचलेली एखादी गमतीची माहिती त्यावर लिहायच्या, चौघडी घालून डब्याच्या वरच्या कप्प्यात चमच्याखाली ठेवायच्या. मामा दुपारी एक वाजता डबा उघडत आणि जेवणाआधी चिठ्ठी वाचत. घरात दोघंच. बोलण्याच्या बाबतीत दोघंही कंजूष. ‘अहो’ आणि ‘अगं’ यांच्या मधे फारसं काही नसे. पण मामींना वाचताना एखादी गोष्ट सापडायची आणि ती नवऱ्याला सांगावीशी वाटायची, हे मामांना रोज एक वाजता कळायचं. त्यावर त्यांचं चांगलं चाललं होतं.

मग रुग्णालयाचा वर्धापन दिन आला आणि मामांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्या वर्षी त्यांचा सत्कार होता. सभागृह भरलेलं, मामी दुसऱ्या रांगेत, ठेवणीतला चष्मा लावून. अधीक्षकांनी कौतुकाने विचारलं की मामा, एवढी सगळी माहिती तुम्ही आणता कुठून. ध्वनिवर्धक समोर आला की भल्याभल्यांच्या जिभेला हाड राहत नाही, तसं झालं. मामा म्हणाले की लहानपणापासून वाचनाचा नाद आहे. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी मामा आणखी फुगले आणि त्यांनी आभार मानायला घेतले. अधीक्षकांचे मानले, सिस्टरांचे मानले, पट्ट्या पुरवणाऱ्या भांडारातल्या माणसाचे मानले आणि शेवटी, पाणी वेळेवर कोमट करतो म्हणून भिंतीवरच्या हीटरचेही मानले. मामींचं नाव राहून गेलं. मामा खाली आले तेव्हा त्या चष्मा काचेच्या दोन्ही बाजूंनी पुसत होत्या, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

घरी त्या काही बोलल्या नाहीत. सोमवारी डबा नेहमीसारखा भरलेला होता. एक वाजता मामांनी चमचा उचलला तर चमच्याखाली स्टील.

मामांनी डबा उलटा करून पाहिला. पिशवी झटकली. राहिली असेल चुकून, असं त्यांनी मनाला समजावलं. मंगळवारी स्टील, बुधवारी स्टील. जेवण तेच होतं, मीठही बरोबर होतं, पण मामांना जेवून उठल्यावर भूक राहिल्यासारखं वाटायला लागलं. चूक कुणाची आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माफी मागायची तर विषय काढायला हवा, आणि विषय काढायचा तर तोंड उघडायला हवं. ते मूग गिळून बसले. मामींनी तर मूगच काय, अख्खं कोठार गिळलं होतं.

इकडे पेशंट थांबत नव्हते. जुन्या माहितीवर मामांनी आठवडा काढला. मग नाइलाजाने ते फोनकडे वळले. फोनवर त्यांना रोज सकाळी फुलांचं चित्र आणि खाली एक सुविचार पाठवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा मेव्हणा. मामींचा हा धाकटा भाऊ मामींच्या विरुद्ध टोकाचा; जे हाती लागेल ते पुढे ढकलायचं एवढंच त्याला ठाऊक. त्या गुरुवारी सुविचाराऐवजी माहिती आली. गोल्डफिशची आठवण फक्त तीन सेकंद टिकते. खाली गुलाब. मामांना तो गुलाब पाहून खात्री पटली.

त्याच दिवशी डावा हात मोडलेला एक दुकानदार आला. आपल्याच दुकानातल्या ओल्या फरशीवरून घसरला होता. दुखण्याने त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते, त्यामुळे मामांनी सात मिनिटं जे काही सांगितलं ते त्याने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. दुकान कसलं आहे ते मामांनी विचारलं नाही. शुक्रवारी तो बोटं दाखवायला आला, तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. मामांनी न बोलता त्याच्या कोपराजवळ, मागच्या बाजूला, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात ते वाक्य लिहून टाकलं. स्वतःच्या कोपराची मागची बाजू कुणालाच दिसत नाही.

सोमवारी तो परत आला. काखेत काचेची बरणी, बरणीत पाणी आणि पाण्यात केशरी रंगाचा एक मासा.

त्याचं दुकान शोभेच्या माशांचं होतं. एक गिऱ्हाईक चार मासे, काचेची पेटी आणि तिच्यात ठेवायचा छोटा किल्ला असं सगळं घेऊन निघालं होतं. दार उघडून द्यायला दुकानदार पुढे झाला आणि गिऱ्हाइकाने त्याचं कोपर वाचलं. तीन सेकंदांत विसरणाऱ्या माशाला किल्ला कशाला, असं म्हणून त्याने किल्ला परत ठेवला, मग पेटी ठेवली आणि शेवटी मासेही ठेवले. तोवर तीन दिवस आपण आपल्याच धंद्याची बदनामी कोपरावर मिरवत होतो, हे दुकानदाराला कळलं.

त्याने बरणी प्लास्टरच्या टेबलावर ठेवली. रांगेतली माणसं कुबड्यांसकट आत सरकली. सिस्टर हातातलं इंजेक्शन हातातच धरून उभ्या राहिल्या. दुकानदाराने खिशातून पत्र्याची डबी काढली आणि तिच्यावर नखाने तीनदा वाजवलं. तळाशी असलेला मासा सरळ वर आला आणि तोंड उघडून थांबला. दुकानदाराने मग मामांना वाजवायला सांगितलं. मामांनी टेबलावर वाजवलं, मासा ढिम्म. डबीवर वाजवलं, मासा वर.

"हा दीड महिना माझ्या भावाकडे होता," दुकानदार म्हणाला. "तिथे डबी नव्हती. काल आणला, आणि पहिल्याच आवाजाला वर आला. तुम्हाला कुणी सांगितलं तीन सेकंद?"

मामा म्हणाले की वाचनात आलं होतं. हे त्यांचं तोंडातल्या तोंडात निघालं.

पुढचं अधिक वाईट होतं. पोटरीवर ऑक्टोपस असलेल्या एका आजोबांनी विचारलं की मग ती तीन हृदयंही अशीच का. एका बाईंना जिराफाचा संशय आला. ती सात मणक्यांची गोष्ट त्यांनी सुनेला ठासून सांगितली होती आणि आता घरी तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. एका गोल्डफिशपायी अख्खं प्राणिसंग्रहालय धोक्यात आलं. सिस्टर हळूच म्हणाल्या की मामा, आजवर तुमची एकही गोष्ट खोटी निघाली नव्हती. ती खरी असलेली एकूण एक गोष्ट मामींची होती, आणि खोटी निघालेली एकुलती एक मामांची स्वतःची. हे तिथेच सांगून टाकायला हवं होतं. त्यांचा धीर झाला नाही.

प्लास्टरवरचा मार्कर पुसता येत नाही. शेवटी मामांनी दोन पट्ट्या भिजवल्या आणि त्या वाक्यावर चढवल्या. दुकानदार बरणी उचलून निघाला तेव्हा त्याचा डावा खांदा नेहमीपेक्षा खाली होता.

त्या संध्याकाळी मामी शेजारी गेल्या होत्या. मामांनी चोरासारखं कपाट उघडलं आणि प्राण्यांवरचं जाडजूड पुस्तक काढून खिडकीशी बसले. उद्यापासून खरी माहिती स्वतः शोधायची, असा त्यांचा निश्चय होता. पहिल्या दोन पानांत प्रस्तावना होती आणि तिसऱ्या पानावर मामांचा डोळा लागला. दारात किल्ली वाजली तसे ते दचकले, आणि पुस्तक हाताला आली त्या जागी, म्हणजे सगळ्यात वरच्या फळीवर, कोंबून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांनी पाणी कोमट आहे का ते बोट बुडवून पाहिलं आणि मागे न बघताच "पुढचे" अशी हाक दिली. कुणीतरी स्टुलावर येऊन बसलं. डॉक्टरांचा कागद टेबलावर आला. उजवं मनगट, बारीक तडा, कोपराखाली प्लास्टर. मामांनी कागद वाचून मान वर केली तर समोर मामी.

"कशाने पडलीस?" मामांनी विचारलं. दोन आठवड्यांतलं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

"पुस्तक जागेवर नव्हतं," मामी म्हणाल्या. "वरच्या फळीवर सापडलं. स्टुलावर चढले."

"कशाला हवं होतं?"

"सिस्टरांचा काल फोन आला होता. गोल्डफिशचं खरं काय ते मला विचारत होत्या. वाचनालयाच्या जुन्या सभासद आहेत त्या."

पुस्तक कुणी हलवलं हे मामींनी विचारलं नाही. ग्रंथपालाला ते विचारावं लागत नाही. मामांनी मुकाट्याने कापूस गुंडाळला, पट्टी भिजवली, फेरे घेतले. आयुष्यात इतकं गुळगुळीत प्लास्टर त्यांनी अधीक्षकांनाही घातलं नव्हतं. शेवटचा फेरा संपला, मनगट योग्य कोनात आलं, आणि मग मामांच्या लक्षात आलं की आता सात मिनिटं हा हात धरून बसायचं आहे. त्यांना सोडता येणार नव्हता आणि मामींना सोडवून घेता येणार नव्हता.

दारातली रांग कान टवकारून होती. ऑक्टोपसवाले आजोबाही आज पोटरी दाखवायला आले होते. मामा आता काय सांगतात आणि ते खरं निघतं का, याची सगळ्यांना उत्सुकता होती. मामांनी डोक्यात शोधाशोध केली. शार्क मामींचा. जिराफ मामींचा. शुक्र, फुलपाखरू, वोम्बॅट, सगळे मामींचे. ज्या बाईने हे सगळं दिलं तिला ऐकवायला त्यांच्याजवळ एक मुंगीसुद्धा नव्हती. प्लास्टर हळूहळू गरम व्हायला लागलं.

"एक माहिती सांगतो," मामा म्हणाले. आवाज मामींसाठी होता, पण दारापर्यंत गेला. "या खोलीत मी एकोणीस वर्षं जे जे सांगत आलो, त्यातलं एकही माझं नाही. सगळं हिने वाचलेलं आहे. ती रोज मला डब्यातून चिठ्ठी द्यायची. मी ते स्टेजवर सांगितलं नाही आणि हीटरचे आभार मानले. मग चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि तो मासा तेवढा मी आणला."

मामी प्लास्टरकडे बघत होत्या.

"अठरा वर्षं आठ महिने," त्या म्हणाल्या.

"हो. अठरा वर्षं आठ महिने."

"हात हलवू नका. वाकडा बसेल."

बोलण्याच्या भरात मामांचा हात खरंच हलला होता. एवढ्या वर्षांत त्या खोलीत सात मिनिटांत हललेला माणूस पहिल्यांदाच पेशंट नव्हता. आजोबांनी मधेच विचारलं की म्हणजे ती तीन हृदयं खरी ना. मामींनी मान न वळवता सांगितलं की खरी, आणि त्याचं रक्त निळं असतं, ते मामांना लिहायला जागा पुरली नसेल. आजोबा पोटरी दोन्ही हातांनी धरून समाधानाने बाहेर गेले. जिराफाच्या बाई तिथे नव्हत्या, तर सिस्टर स्वतः त्यांना फोन करायला गेल्या.

घरी मात्र मामी परत गप्पच होत्या. रात्रीचा स्वयंपाक मामांनी केला आणि दोघांनी तो पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. सकाळी मामांनी आपला डबा आपणच भरला. चिठ्ठीचं नावही काढलं नाही. कोणत्या तोंडाने काढणार? चिठ्ठी लिहिणारा हात त्यांनीच आधी पाडला होता आणि नंतर प्लास्टरमध्ये घातला होता. या सगळ्या विचारात ते डबा ओट्यावर विसरून कामाला गेले.

अकरा वाजता मामी बोटं दाखवायला आल्या, डाव्या हातात मामांचा डबा घेऊन. बोटं ठीक होती. मामांनी निळा मार्कर काढला, टोपण काढलं आणि थांबले. काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

मामींनी सांगितलं आणि मामांनी शब्दन्‌शब्द लिहिलं. माणसाच्या शरीरात एक हाड असं आहे की जे दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नसतं. ते जिभेच्या मुळाशी असतं. मामींनी वाचून पाहिलं आणि काही माणसांच्या बाबतीत ते व्यासपीठावर जास्तच मोकळं सुटतं, असंही तोंडी सांगितलं. ते लिहायचं का, असं मामांनी विचारलं. मामी म्हणाल्या की जागा उरली तर लिहा, पण आधी खालची ओळ. खालची ओळ मामांना सांगावी लागली नाही. त्यांनी लिहिलं, ‘माहिती : मामी. अक्षर : मामा.’ त्या दिवसापासून त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हातापायावर ही ओळ असते. लहान मुलांच्या मनगटावर ती मावत नाही, म्हणून मामा तिथे माहिती आखूड करतात.

मामी गेल्या. एक वाजला. मामांनी सवयीने डबा उघडला, त्यांचाच स्वयंपाक पाहून उसासा टाकला आणि चमचा उचलला.

चमच्याखाली कागद होता. चौघडी धड जमली नव्हती, एक कोपरा बाहेर आला होता. मामांनी पंच्यावर हात पुसून तो उलगडला. डाव्या हाताने लिहिलेली अक्षरं कागदभर अडखळत गेली होती, एक ओळ वर तर एक खाली. मामांनी ती बोट ठेवून वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

‘पुस्तकात बघितलं. गोल्डफिशला कित्येक महिने आठवतं. मलाही.’